अडीच किलोची रेघ

बाळंतपणाची बातमी आली की घरचे लोक दोन-तीन गोष्टी हमखास विचारतात. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मुलगा की मुलगी? आणि वजन किती भरले? यांतला तिसरा प्रश्न आपण सहज विचारतो आणि उत्तर ऐकून विसरूनही जातो. पण सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना या एका आकड्यातून पुष्कळ काही वाचता येते. तो मिळवायला एक ताणकाटा आणि एक झोळी पुरते. बाळाचा पुढचा महिना कसा जाईल याचा अंदाज त्यातून येतो आणि त्याच्या आईची मागची वीस वर्षे कशी गेली याचाही. या दोन्ही बाजू आपण या लेखात पाहणार आहोत.

रेघ कुठून आली?

जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा, म्हणजे अडीच किलोपेक्षा, कमी वजन असलेल्या बाळाला 'कमी वजनाचे बाळ' म्हणायचे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. हा अडीच किलोचा आकडा फिनलंडमधील बालरोगतज्ज्ञ आर्व्हो युल्पो यांनी १९१९ च्या सुमारास सुचवला होता. त्या वेळी अडीच किलोच्या आतील प्रत्येक बाळ 'अपुऱ्या दिवसांचे' मानले जाई. पुढे लक्षात आले की पूर्ण दिवस भरूनही पुष्कळ बाळे लहानच जन्मतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९६१ मध्ये शब्द बदलला. 'अपुऱ्या दिवसांचे' याऐवजी 'कमी वजनाचे' असे म्हटले जाऊ लागले. रेघ मात्र तीच राहिली.

ही रेघ माणसाने सोयीसाठी आखलेली आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. २४९० ग्रॅमचे बाळ आजारी आणि २५१० ग्रॅमचे ठणठणीत, असे काही निसर्गात नसते. परीक्षेत ३५ गुणांवर पास आणि ३४ गुणांवर नापास ठरवावे, तसाच हा प्रकार. पण अनेक देशांतील नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या की वजन जसजसे कमी होत जाते, तसतसा मृत्यूचा धोका वाढत जातो हे स्पष्ट दिसते. दीड किलोच्या खाली तर तो फारच वेगाने वाढतो.

२०२० साली जगात जन्मलेल्या दर १०० बाळांपैकी सुमारे १५ बाळे या रेघेच्या खाली होती, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. म्हणजे एका वर्षात जवळजवळ दोन कोटी बाळे. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या बाळांचे जन्मवजन माहीत होते त्यांच्यातील १८ टक्के बाळे कमी वजनाची होती.

लहान असण्याचे दोन प्रकार

आता एक उदाहरण घेऊ. दोन आंबे आहेत, दोन्ही आकाराने लहान. एक आंबा पाड लागण्याआधीच झाडावरून उतरवला म्हणून लहान राहिला. दुसरा पूर्ण मुदत झाडावर होता, पण झाडालाच पाणी कमी पडले म्हणून तो भरला नाही. तराजूत दोघांचे वजन सारखेच भरेल, पण त्यांची अवस्था सारखी नाही.

बाळांचेही तसेच असते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. त्याचे अवयव अजून तयार होत असतात. फुफ्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो. तो साधारण ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होत नाही. दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळही त्याच सुमारास जमू लागतो. आईकडून मिळणारी रोगप्रतिकारक प्रथिने आणि लोहाचा साठा हेही बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही शिदोरी अर्धीच मिळालेली असते.

दुसऱ्या प्रकारचे बाळ पूर्ण दिवसांचे, पण खुरटलेले असते. त्याचे अवयव तयार असतात, पण गर्भाशयात पोषण कमी पडल्याने अंगावर मांस आणि मेद बेताचाच असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका जास्त, पण भारतात संख्येने जास्त असतात ती खुरटलेली बाळे. गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांची बारकाईने पाहणी झाली. त्यात ४२ टक्के बाळे कमी वजनाची निघाली, तर अपुऱ्या दिवसांची सुमारे १० टक्के. याचा अर्थ कमी वजनाच्या बहुतेक बाळांचे दिवस भरलेले होते. कमी पडले होते ते पोषण.

लहान बाळ लवकर का निवते?

लहान बाळावर पहिले संकट येते ते थंडीचे. भर उन्हाळ्यातही हे संकट असते. याचे कारण भूमितीत आहे आणि ते आठवीच्या वर्गातही समजावून देता येते.

१ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर. म्हणजे गुणोत्तर ६. आता २ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ २४, घनफळ ८, गुणोत्तर ३. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग जास्त. शरीरात उष्णता तयार होते ती पेशींमध्ये, म्हणजे साधारणपणे वजनाच्या प्रमाणात. आणि बाहेर जाते ती त्वचेतून, म्हणजे पृष्ठभागाच्या प्रमाणात. मिळकत वजनावर आणि खर्च त्वचेवर, असा हा व्यवहार आहे.

वरच्या वर्गातील विद्यार्थी पुढचा हिशेबही करू शकतील. आकार सारखाच आहे असे धरले, तर दर किलोमागे पृष्ठभाग हा वजनाच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ६० किलोच्या माणसाशी तुलना केली तर ३ किलोच्या बाळाच्या वाट्याला दर किलोमागे सुमारे पावणेतीन पट त्वचा येते, आणि दीड किलोच्या बाळाला जवळजवळ साडेतीन पट. त्यात नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही. त्याच्या पाठीत, खांद्यांजवळ आणि मूत्रपिंडांभोवती एक खास तपकिरी मेद असतो. तो जाळून ते ऊब मिळवते. लहान बाळाकडे हे सरपणही थोडेच असते. त्याचे अंग जन्मतः गर्भजलाने ओले असते, आणि ओले अंग किती लवकर गार पडते हे माठ वापरणाऱ्याला सांगायला नको.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग आम्ही सुचवतो. एक लिटरची एक बाटली आणि पाव लिटरच्या तीन बाटल्या घ्या. बाटल्या काचेच्या किंवा स्टीलच्या आणि एकाच आकाराच्या ठेवणीच्या असाव्यात. चारही बाटल्यांत ५० अंश सेल्सियस तापमानाचे पाणी भरून बुचे लावा. लहान बाटल्यांपैकी पहिली उघडी ठेवा. दुसरी सुती कापडाच्या तीन-चार पदरांत गुंडाळा. तिसरी मोठ्या बाटलीला चिकटवून दोघींवर मिळून एक पंचा लपेटा. दर पाच मिनिटांनी तापमान मोजा आणि आलेख काढा. उघडी लहान बाटली सर्वांत आधी निवेल. आईच्या अंगाशी बिलगलेल्या बाळाचे काय होत असेल, हे तिसऱ्या बाटलीवरून मुलांच्या ध्यानात येईल. मात्र पाण्याची बाटली स्वतः उष्णता निर्माण करत नाही आणि आई करते, हा फरकही सांगायला विसरू नये.

दोन-तीन अंशांच्या फरकाने काय होते?

हा प्रश्न न्यूयॉर्कमधील विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने तपासला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांची १८२ बाळे होती. काहींच्या काचपेटीचे तापमान सुमारे २९ अंश ठेवले होते, काहींच्या सुमारे ३२ अंश. बाकी काळजी सारखीच. पहिल्या पाच दिवसांनंतर थंड पेटीतील सुमारे ६८ टक्के बाळे जगली होती, तर उबदार पेटीतील सुमारे ८४ टक्के. ना नवे औषध, ना शस्त्रक्रिया. फक्त तीन अंशांचा फरक.

पण काचपेटी महाग असते, तिला वीज लागते आणि ती चालवायला माणसे लागतात. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका प्रसूती रुग्णालयात बाळे इतकी असत की एकेका पेटीत दोन-दोन बाळे ठेवावी लागत. साहजिकच एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. तेथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी आणि त्यांच्यासोबत डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी वेगळी वाट धरली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे बांधायचे, वरून कपडा लपेटायचा आणि अंगावरचे दूध पाजायचे. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला 'कांगारू मातृसेवा' हे नाव मिळाले. आईच्या त्वचेचे तापमान बाळाला हवे तेवढेच असते. तिचे दूध तोंडाजवळ असते. तिच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या त्वचेवर आधी वस्ती करतात, त्यामुळे रुग्णालयातील घातक जंतूंना जागा कमी उरते.

सुरुवातीला ही पद्धत गरिबांसाठीची तडजोड समजली जाई. बाळ आधी स्थिरस्थावर झाले पाहिजे, मग आईजवळ द्यावे, असा नियम होता. तो पारखून पाहण्यासाठी २०१७ ते २०२० या काळात भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मोठी चाचणी झाली. १ किलो ते १.८ किलोच्या दरम्यानची ३२११ बाळे तीत होती. निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिले, निम्म्यांना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे नंतर. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळे दगावली, तर लगेच आईजवळ दिलेल्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. उरलेल्या बाळांना या लाभापासून दूर ठेवणे योग्य ठरले नसते.

गडचिरोलीचा धडा

इथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. बाळे कमी वजनाची जन्मतात त्याचे मूळ गरिबीत आणि आईच्या कुपोषणात असेल, तर ते दूर होईपर्यंत बाळे दगावत राहणार, असे समजून हात टेकायचे का? १९९० च्या दशकापर्यंत पुष्कळ तज्ज्ञांचा कल असाच होता. नवजात बाळ वाचवायचे तर रुग्णालय, यंत्रे आणि तज्ज्ञ डॉक्टर हवेत, आणि कमी वजन तर पिढ्यांचा प्रश्न, असे मानले जाई.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत हा समज प्रत्यक्ष कामातून तपासला. ३९ गावांत त्यांनी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. या आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहत. बाळाचे वजन करत, ते कोरडे करून उबदार गुंडाळायला शिकवत, चीक न टाकता लगेच अंगावर पाजायला लावत आणि पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ तपासत. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त आहे का, बाळ दूध ओढायचे थांबले आहे का, रडणे क्षीण झाले आहे का, अंग गार लागते का, हे त्या पाहत. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची चिन्हे दिसली आणि आईवडील रुग्णालयात जायला तयार नसले, तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही त्या देत. शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. त्यांच्याशी तुलना केली गेली.

काम सुरू होण्याआधी, १९९३-९५ मध्ये, या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. कमी वजनाच्या बाळांपुरते पाहिले, तर आधी त्यांच्यापैकी ११.३ टक्के दगावत, नंतर ४.७ टक्के. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले.

हे कसे घडले? त्याच अभ्यासातील नोंदी नीट पाहिल्यावर कळले की नुसते वजन कमी असल्याने बाळ क्वचितच दगावते. बाळ लहान, त्यात ते गार पडते. गार पडले की दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून साखर उतरते आणि ताकद जाते. मग जंतू शिरतात. एकावर एक संकटे चढत गेली की धोका अनेक पटींनी वाढतो. ही साखळी कुठेही तोडली तरी बाळ वाचू शकते, आणि ती तोडायला लागणारे ज्ञान सातवी शिकलेल्या बाईला नीट शिकवता येते. देशभरातील 'आशा' कार्यकर्तींसाठी २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हा अनुभव आहे. रुग्णालयात बाळंतपण झाले असले तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात त्या यासाठीच.

आपल्या काही जुन्या चालीरीतींकडेही या दृष्टीने पाहता येईल. कुंची, टोपडे, बाळंतिणीची बंद खोली या गोष्टी बाळाची ऊब राखतात. जन्मल्याबरोबर आंघोळ घालणे, मधाचे बोट किंवा गुळपाणी देणे, चीक काढून टाकणे या गोष्टी मात्र साखळीला बळ देतात. पहिली आंघोळ निदान चोवीस तास तरी लांबवावी, आणि बाळ लहान असेल तर आणखी. सर्वच बाळांचे वजन पहिल्या आठवड्यात थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत भरून येते. त्याला घाबरून वरचे दूध सुरू करू नये.

पण बाळ लहान जन्मते का?

बाळ वाचले म्हणजे काम संपले असे नाही. पुढचे बाळ लहान जन्मू नये, हेही पाहायला हवे. त्यासाठी आईकडे वळले पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. स्त्रियांची मोजमापे गर्भारपणाच्या आधीपासून घेतली गेली. सरासरी आई एकवीस वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४२ किलो वजनाची होती. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो होते. कोणत्या आयांची बाळे जास्त भरली? एकूण किती कॅलरी पोटात गेल्या यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले, याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध जास्त दिसला. पाणी वाहणे, शेतातली ढोर मेहनत ज्यांना गर्भारपणातही चुकली नाही, त्यांची बाळे लहान होती.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. पालेभाजी-फळे खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही सुस्थितीत असू शकतात. म्हणून मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाऊ गर्भारपणाच्या आधीपासून सुरू होता. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात खात्रीलायक फरक आढळला नाही. पण दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून ज्यांनी खाऊ घेतला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. त्यातही ज्या आया मुळात बऱ्या बांध्याच्या होत्या त्यांच्यात फरक अधिक दिसला. अगदी कृश आयांमध्ये तो दिसलाच नाही.

हा निकाल थोडा निराश करणारा वाटेल, पण त्यातून मोठी गोष्ट कळते. गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात टॉनिकची बाटली आणून दिल्याने वर्षानुवर्षांची तूट भरून निघत नाही. वार कशी रुजते, किती मोठी होते हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरू लागते, आणि तेव्हा बाईला दिवस गेल्याचे कित्येकदा माहीतही नसते. गर्भाशय, कंबरेची हाडे, उंची, रक्तातले लोह हे सगळे तर त्याच्याही आधी, तिच्या बालपणात आणि किशोरवयात घडलेले असते. 'जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल' ही समजूत अजून अनेक घरांत आहे. बाळंतपण अडते ते बहुधा आईची स्वतःची वाढ खुंटल्याने तिची कंबर अरुंद राहते म्हणून. त्यावर उपाय गर्भारपणात ताट अर्धे करणे हा नव्हे. लहानपणी ते भरलेले असावे, हा आहे.

साठ वर्षांनंतरचा हिशेब

या आकड्याची सावली किती लांब पडते, हे इंग्लंडमधील जुन्या वह्यांतून उजेडात आले. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहून ठेवत. साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की जी बाळे जन्मतः आणि वर्षाची असताना सर्वांत हलकी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते.

पुण्यातील बाळांत आणखी एक गोष्ट आढळली. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा सर्वच मापांत लहान होती, पण त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव जास्त खुरटलेले होते, तर त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. वरून हडकुळी, आतून मेदाकडे झुकलेली. अशी मुले पुढे झपाट्याने जाड झाली तर मधुमेहाचा धोका वाढतो, असे पुण्यातील मुलांच्या अभ्यासांवरून दिसते. म्हणून लहान जन्मलेल्या मुलाला नंतर गोडधोड, तळकट खाऊ घालून 'बाळसेदार' करण्याचा अट्टाहासही बरा नव्हे.

उलट बाजूने हेही सांगायला हवे की वजन ही एक खूण आहे, सगळी कथा नव्हे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भीषण उपासमार झाली. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिची उपासमार झाली, तिचे बाळ सरासरी ३०० ग्रॅमने हलके भरले. ज्यांच्या आयांना सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहावे लागले, ती बाळे वजनाने ठीक जन्मली, पण मोठेपणी त्यांच्यातही हृदयविकार जास्त आढळला. तेव्हा तराजूचा काटा रेघेच्या वर गेला की आईचे पोषण उत्तम, असे समजता येत नाही.

शाळेत काय करता येईल?

१९९२-९३ मध्ये भारतात हजारी ७८.५ अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०१९-२१ मध्ये हा आकडा ३५.२ झाला. यातले पहिल्या महिन्यातले मृत्यू तेव्हा ४८.६ होते, नंतर २४.९. विद्यार्थ्यांना दोन्ही वेळचे शेकडा प्रमाण काढू द्या. ते सुमारे ६२ वरून ७१ वर गेलेले दिसेल. मृत्यू कमी झाले, पण जे उरले ते पहिल्या महिन्यात दाटले. याचे कारण काय असावे, यावर वर्गात चांगली चर्चा होईल.

दुसरा उपक्रम वजनांच्या आलेखाचा. मुलांना घरच्या माता-बाल संरक्षण कार्डावरून आपले जन्मवजन विचारून आणायला सांगा. चिठ्ठीवर फक्त आकडा लिहावा, नाव नको. पाव-पाव किलोचे गट पाडून स्तंभालेख काढा आणि त्यावर अडीच किलोची रेघ मारा. ज्यांना वजन माहीत नाही त्यांचाही एक स्तंभ हवा, कारण न मोजलेले बाळ ही सुद्धा माहितीच आहे. रेघेच्या आतले मूल आज वर्गात बसून आलेख काढते आहे, हे मुलांना दिसेल. कुणालाही 'तू कमी वजनाचा होतास' असे म्हटले जाणार नाही याची काळजी शिक्षकांनी घ्यावी.

तिसरी गोष्ट उपक्रमापेक्षा मोठी आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. स्वतःच्याच वाढीसाठी लोह, प्रथिने, चुना हवा असलेल्या वयात तिच्याकडून आणखी एका जिवासाठी ते मागितले जाते, आणि मग कुणालाच पुरेसे मिळत नाही.

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी शाळेत देण्याची योजना आहे. शिक्षकांना ती आणखी एक कारकुनी वाटते, आणि रजिस्टरांचा ढीग पाहता ते स्वाभाविक आहे. मुली गोळी दप्तरात टाकतात, मळमळते म्हणून फेकून देतात. ती जेवणानंतर, शिक्षकांसमोर, पाण्याबरोबर घेतली जावी आणि मळमळ दोन-चार आठवड्यांत कमी होते हे त्यांना सांगितले जावे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. जेवणात पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अधिक शोषले जाते, हे रसायनशास्त्राच्या तासाला सांगता येते. नववीतल्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर तिच्या आईवडिलांशी बोलता येते.

जन्मलेल्या लहान बाळाला वाचवण्यासाठी २८ दिवस महत्त्वाचे असतात आणि ते काम आई, आशाताई व रुग्णालय यांचे आहे. पुढचे बाळ लहान जन्मू नये म्हणून हाताशी वीस वर्षे असतात. त्यांतली निदान दहा वर्षे मुलगी शाळेत असते, आपल्यासमोर बाकावर बसलेली असते. तिच्या बाळाचे वजन तेव्हापासूनच ठरू लागलेले असते.